बाटल्या महाराजांकडे

सायकलवाल्यांच्या चड्डीत त्या काळी खरं चामडं शिवलेलं असायचं. हल्लीच्या मुलांना हे सांगितलं की ती हसतात. पण त्या चामड्यानं माझ्या आयुष्याची चार वर्षं खाल्ली. चड्डीच्या आतून, बसायच्या जागी, बकऱ्याच्या मऊ कातड्याचा एक तुकडा लावलेला असे. पाच-सहा तास सीटवर घासून माणूस उतरला की त्या तुकड्यात घाम, धूळ, रक्त, पू आणि आणखी जे काही असेल ते सगळं मुरलेलं असायचं. संध्याकाळी ती चड्डी माझ्या बादलीत पडायची. सहा खेळाडू, सहा चड्ड्या.

चामडं पिळता येत नाही, आपटता येत नाही. कोमट पाण्यात साबण लावून बोटांनी चोळायचं, सावलीत वाळत घालायचं आणि पुरतं वाळायच्या आत हातावर घेऊन मलम लावत कणकेसारखं मळत बसायचं. उन्हात वाळलं तर त्याचा पापड होतो, आणि तो पापड दुसऱ्या दिवशी माणसाचं बूड सोलून काढतो. चरबी लावली तर उत्तम, पण आमच्या संघातल्या निम्म्यांना चरबी चालत नसे. चामड्यावर बसायला मात्र कुणाची हरकत नव्हती. एकदा बिकानेरला मलम संपलं म्हणून मॅनेजरनं तूप लावायला सांगितलं. सकाळपर्यंत चड्ड्यांना मुंग्या लागल्या, आणि शर्यत सुटायच्या ओळीत उभा असलेला आमचा एक गडी शिट्टी व्हायच्या आधीच नाचायला लागला.

मी मूळचा अकोल्याचा. सरकारी खात्यात फिटर होतो आणि बदली होऊन जयपूरला आलो होतो. खात्याचा स्वतःचा सायकल संघ होता. त्यातल्या पोरांना खेळाच्या कोट्यातून नोकरी मिळायची. कामावर सही करायची आणि सायकल चालवायची, एवढंच त्यांचं काम. तरुणपणी तालमीत मी पैलवानांची मालिश करायचो. एकदा आमच्या साहेबांचा लचकलेला पाय मी बसवून दिला, आणि पुढच्याच आठवड्यात ऑर्डर निघाली की मी संघाचा 'टेक्निकल सहायक'. घरी बायकोला सांगितलं तेव्हा तिला वाटलं बढती झाली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. दिवसा सायकली, संध्याकाळी पायांची मालिश, रात्री चड्ड्या, असं ते टेक्निकल काम होतं.

महिन्यातले पंधरा दिवस आम्ही बाहेर. अजमेर, कोटा, जोधपूर, कधी पार पतियाळापर्यंत. सायकली सामानाच्या डब्यात चढवायच्या, उतरवायच्या, मोजायच्या. मुक्काम एखाद्या शाळेत, बाकं बाजूला सारून. शाळेचे संडास कसे असतात ते मी सांगत नाही. खेळाडू पाय भादरायचे, ते केस मोरीत तुंबायचे आणि मोरी मोकळी करायची मी. कुणाच्या मांडीत गळू झालेलं, कुणाचं पोट बिघडलेलं, कुणी खिडकीतून बाहेर थुंकायच्या ऐवजी खिडकीवर थुंकलेलं. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, त्यातलं शिंगरू मी.

आणि या सगळ्यावर आमचे मॅनेजर. स्वतः कधी सायकलवर बसले असतील असं त्यांच्या पोटाकडे बघून वाटत नसे. खेळाडूंसाठी आलेले बदाम त्यांच्या टेबलाच्या खणात असायचे. बोलता बोलता खण उघडायचा, चार तोंडात टाकायचे, खण बंद करायचा. पोरं समोर उभी असायची. एकदाही त्या माणसानं डबा पुढे केला नाही. त्या चावण्याचा आवाज मला आजही ओळखता येईल.

सुरुवातीला शर्यतीत खेळाडूंना पाण्याच्या बाटल्या मीच द्यायचो. हे जमावं लागतं. सायकल वेगानं येते. बाटलीचं तोंड वर, बूड दोन बोटांत हलकं धरायचं, हात लांब करायचा, आणि त्यानं पकडली की त्याच क्षणी सोडायची. जरा जास्त धरून ठेवली तर माणूस पडतो. मला ते चांगलं जमायचं आणि आवडायचंही. अख्ख्या कामात तेवढीच एक गोष्ट स्वच्छ होती.

पहिलं वर्ष संपताना माझी बदलीची जुनी कागदपत्रं अकोल्याहून मॅनेजरच्या टेबलावर आली. तोवर जयपुरात कुणाला माझ्या आडनावावरून काही कळायचं नाही. 'मराठे हो ना?' एवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं. कागदांवर जातीचा रकाना असतो. आम्ही बौद्ध. त्यानंतर आठच दिवसांनी मॅनेजरनं सगळ्यांसमोर सांगितलं, "आजपासून बाटल्या महाराजांकडे." महाराज म्हणजे आमचा स्वयंपाकी. मला म्हणाले, "आप चमड़े का काम करते हैं, मलम, पस, सब हाथ में लगता है. हाइजीन का सवाल है."

मला ते पटलं. हे मी आज लिहितोय तेव्हा स्वतःचाच राग येतो, पण खरंच पटलं. ज्या हातांनी मी पू धुतो त्या हातांनी पिण्याचं पाणी देऊ नये, यात चूक काय? कागद कधी आले आणि हुकूम कधी निघाला, हे दोन दिवस मी शेजारी शेजारी ठेवून बघितलेच नाहीत. माणसाला जे बघायचं नसतं ते नाकासमोर असलं तरी दिसत नाही. उलट मी नखं आणखी बारीक कापायला लागलो.

संघात एक सीकरकडचा होता. बावीस-तेवीस वर्षांचा, सडपातळ, बोलायला गोड. बाकीचे मला 'ए मालिश' म्हणायचे, हा 'उस्ताद' म्हणायचा. चढावर सगळ्यांत चांगला तोच. त्याचे पाय मांडीवर घेऊन मी रोज अर्धा तास तेल जिरवायचो आणि तो घरच्या गोष्टी सांगायचा. त्याची नोकरी कच्ची होती. दोन वर्षांत मोठ्या शर्यतीत पहिल्या सहांत आला तर पक्का, नाही तर घरी. वडिलांनी मात्र गावात पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की मुलगा पक्का लागला. त्यावर सोयरीकही जमली होती. "उस्ताद, अब तो लौटने का रास्ता ही नहीं है," असं तो हसत म्हणायचा. मी त्याच्या पायांवर इतरांपेक्षा पाच मिनिटं जास्त द्यायचो. आमचा दुसरा एक गडी होता, तो शिवीशिवाय बोलत नसे. त्याच्या तुलनेत हा मला हिरा वाटायचा.

त्याच्या दुसऱ्या वर्षाची शेवटची मोठी शर्यत जयपुरातच होती. आमेरवरून दिल्लीच्या रस्त्यानं लांब जायचं आणि वळून परत यायचं. मार्च संपत आलेला, सकाळी नवालाच डांबर तापलेलं. वळायच्या जागेच्या अलीकडे, एका बाभळीखाली आमची पाण्याची जागा ठरली. बाटल्यांची पेटी, मी, महाराज आणि जीप.

शर्यत येईपर्यंत तासभर होता. मॅनेजर जीपमधून उतरलेच नाहीत. त्यांच्या मेव्हण्याची मंडळी जोधपूरहून आली होती, त्यांना आमेरचा किल्ला दाखवायचा होता आणि खाली बाजारात कचोरी खायची होती. "महाराज भी चलें, सामान कौन उठाएगा. आधे घंटे में आते हैं," म्हणाले आणि गेले. जीप वळली तेव्हा मागच्या काचेतून महाराज माझ्याकडे बघत होते. त्या म्हाताऱ्याला कळलं होतं की आधा घंटा म्हणजे काय.

अर्धा तास गेला, तास गेला. लांबवर धूळ दिसायला लागली तेव्हा मी पेटी उघडली. दोन दिवसांत मी चामड्याला हात लावलेला नव्हता. तरी रस्त्याकडेच्या हापशावर जाऊन राखेनं हात घासले, साबणानं धुतले, परत धुतले. हाइजीनचा सवाल होता ना.

पहिला आला तो शिव्या देणारा. त्यानं माझ्याकडे बघितलंही नाही. बाटली ओढली, दातानं झाकण उघडलं आणि अर्धी एका दमात प्यायला. त्याच्या मागून दोघे, त्यांनीही घेतल्या. मग सीकरवाला आला, पुढच्या टोळक्यात, चौथा की पाचवा. ओठ पांढरे झालेले. त्यानं आधी जीपसाठी इकडेतिकडे बघितलं, मग मला बघितलं. मी हात लांब केला. बाटली त्यानं व्यवस्थित घेतली. माझी दोन बोटं त्याच्या बोटांना लागली. दहा पावलांवर गेल्यावर त्यानं झाकण काढलं आणि सगळी बाटली डोक्यावर ओतली. रिकामी बाटली खड्ड्यात फेकली आणि वळणाकडे गेला.

सायकलवाले डोक्यावर पाणी ओततात. ऊन असलं की सगळेच ओततात, पण आधी पितात. मी मनात म्हटलं, पोरगं तापलं असेल, जवळ दुसरी बाटली असेल. परतताना तो रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं गेला. मी बाटली धरून ओरडलो, त्यानं मान वळवली नाही.

जीप आली तेव्हा मंडळींच्या बोटांना कचोरीचं तेल होतं. मॅनेजरनं विचारलं, "सब ठीक?" आम्ही शर्यतीच्या मागे निघालो. वीस-पंचवीस किलोमीटर राहिले असतील, तिथं सीकरवाला रस्त्याच्या कडेला बसलेला दिसला. दोन्ही पिंढऱ्यांत गोळे आलेले, बनियनवर मिठाचे पांढरे पट्टे, जीभ बाहेर यायची बाकी. सायकल आडवी पडलेली. मी उडी मारून उतरलो, त्याच्या पायाला हात घातला. पाय त्यानं दिला. मग मी बाटली उघडून तोंडाजवळ नेली. त्यानं तोंड फिरवलं. मागून महाराज लोटा घेऊन आले आणि त्यानं तो लोटा दोन्ही हातांनी धरून असा रिचवला की पाणी छातीवरून खाली ओघळलं. मग आणखी एक मागितला.

माझ्या हातात त्याची पिंढरी होती. मी गोळा सोडवत होतो. मला त्या क्षणी त्या पायाचीच शिसारी आली. दोन वर्षं ज्याच्या बुडाचा पू मी धुतला, त्याला माझ्या हातचं पाणी घाण. आणि ते घाण आहे हे मला कळू नये म्हणून तो उस्ताद उस्ताद करत होता. शिव्या देणारा परवडला. सगळ्यांत जास्त किळस मला माझ्या त्या राखेनं घासलेल्या हातांची आली.

तो शर्यत पुरी करू शकला नाही, तेव्हा नोकरीचं काय होणार ते ठरल्यासारखंच होतं. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी मॅनेजरला विचारलं की चांगला चाललेला मुलगा असा कसा पडला. खरं कारण सांगितलं असतं तर जीप किल्ल्यावर होती हे सांगावं लागलं असतं. मॅनेजर म्हणाले, पाणी मिळालं नाही. साहेब म्हणाले, संघाच्या माणसाची चूक असेल तर तसं लेखी द्या, मुलाला आणखी एक चाचणी देऊ. म्हणजे आता चूक कुणाची तरी हवी होती. मॅनेजरनं मला बोलावलं आणि खण उघडत म्हणाले, "लिख दीजिए, बोतल आपके हाथ से छूट गई. आप तो परमानेंट हैं, आपका क्या बिगड़ेगा. लड़के की ज़िंदगी का सवाल है." मी म्हटलं, बाटली सुटली नाही, त्यानं घेतली आणि ओतली. ते चावायचे थांबले. "ये सब मत लिखिए," एवढंच म्हणाले.

मी लिहिलं नाही. हेही नाही आणि तेही नाही. तीन दिवस तसेच गेले.

रविवारी दुपारी तो आमच्या क्वार्टरवर आला. माझी मुलगी दार उघडायला गेली आणि आत येऊन म्हणाली, "बाबा, ते सायकलवाले भैया आलेत. मतलब, बाहेरच उभे आहेत." मी त्याला आत बोलावलं. तो खुर्चीच्या टोकावर बसला. दारात आलेल्याला पाणी द्यायचं, ही आमच्या घरची रीत. बायकोनं न विचारता स्टीलचा ग्लास आणून स्टुलावर ठेवला आणि आत गेली. तो म्हणाला, "अभी पीकर आया हूँ."

ग्लास तिथेच राहिला. शेवटी तोच म्हणाला, "उस्ताद, पिताजी को अभी बताया नहीं है. आप दो लाइन लिख दो तो मैं बच जाऊँगा."

"पानी क्यों नहीं पिया?" मी विचारलं.

त्यानं खाली बघितलं. "घर में ऐसा ही सिखाया है. मैं आपकी बहुत इज़्ज़त करता हूँ, उस्ताद. आप जानते हो."

इज्जत हा शब्द ऐकून माझ्या डोक्यात काहीतरी फिरलं. मी ग्लासकडे बोट दाखवलं. म्हटलं, "ये पी लो. अभी लिख देता हूँ."

तो कसनुसा हसला. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मी कपाटातून कागद काढला, पेन काढलं, पेनचं टोपण काढून ठेवलं आणि बसलो. खरं सांगतो, चार वर्षांत मी एवढ्या ऐटीत कधी बसलो नव्हतो. त्यानं दाराकडे बघितलं, बाहेर कुणी आहे का म्हणून. मग ग्लास उचलला, डोळे घट्ट मिटले, आणि एरंडेल प्यावं तसं सगळं पाणी घशाखाली ढकललं. शेवटच्या घोटाला त्याला ओकारीची उबळ आली, ती त्यानं तोंडावर हात ठेवून दाबली. डोळ्यांतून पाणी आलं. ग्लास खाली ठेवून म्हणाला, "अब लिखो."

मी लिहिलं. बाटली माझ्या हातून सुटली, चूक माझी, खाली सही. कागद घेऊन तो उठला. जाताना पाया पडायला वाकला, तेव्हा मी पाय मागे घेतले.

बायको आतल्या दारात उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. ग्लास उचलायला आली आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"मी पानी ठेवलं होतं. तो नाई पेला तं नाई पेला. ते त्याचं हलकेपन होतं. तुमी त्याले पाजलं, ते आता आपलं झालं."

मी म्हटलं, "मग काय करायला पाहिजे होतं?"

"लिवाचं होतं तं पानी न पाजता तसंच लिवाचं होतं. नाई तं नाई लिवाचं. माह्या आबानं गावच्या विहिरीचं पानी काढलं, डोकं फुटलं तरी काढलं. हक्कानं काढलं थे. तुमी त्याचा सौदा केला." आणि ती ग्लास घेऊन आत गेली.

महिन्याभरानं त्याची चाचणी झाली आणि तो पक्का झाला. माझ्या नोकरीच्या पुस्तकात निष्काळजीपणाचा शेरा पडला आणि मला संघातून काढून परत कारखान्यात पाठवलं. त्याचं मला काही वाटलं नाही, उलट सुटलो. मॅनेजरचे बदाम, महाराजांचा लोटा, 'उस्ताद' म्हणणारं ते गोड तोंड, या सगळ्याची किळस अजून येते आणि ती यायलाच हवी, असं मला वाटतं.

पण बायको 'सौदा' म्हणाली तेही पुरतं खरं नव्हतं, कारण तिनं तिथून माझं तोंड बघितलं नव्हतं. तो डोळे मिटून पाणी गिळत होता, उबळ दाबत होता, आणि मी पेन हातात धरून एकेक घोट मोजत होतो. मला मजा येत होती.